गोल्फच्या काठ्या आणि माझा दीर

माझ्या दिराच्या दुकानातला गोल्फच्या काठ्या दुरुस्त करायचा काउंटर मागल्या दिवाळीनंतर बंद झाला. तो मी बंद पाडला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला बाई बिचारी वाटायला नको. विधवा बाई म्हणली की लोक बिचारी म्हणून मोकळे होतात, मला ते चालत न्हाई.

माझं नाव कमल. माहेर देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. आई घरात तेलुगू बोलायची, बाप मराठी बोलायचा, आन बाजारात गेलं की कानडी कानावर पडायची, त्यामुळं मला तिन्हींत भांडता येतं. लग्न झालं ते धर्माबादच्या घरात. आमच्याकडची माणसं कामाला पुण्याला कमी जातात, हैदराबादला जास्त, तसे आमचे मालक पण हैदराबादला होते. एका मोठ्या गोल्फच्या मैदानावर. पहिल्यांदा गवत कापायला होते, मग तिथं काठ्या दुरुस्त करायची एक खोली होती, तिथल्या उस्तादानं ह्यांना हाताखाली घेतलं. मला लग्नाच्या वक्ताला सांगितलं होतं, पोरगा खेळाच्या लाइनमध्ये हाय. मला वाटलं कबड्डी खेळत असंल.

तुम्ही गोल्फची काठी बघितली असंल तर खाली लोखंडाचं टोक असतं आन वर जिथं हातानं धरतात तिथं रबराचं वेष्टण असतं. त्या वेष्टणाला ग्रिप म्हणतात. खेळणारे काठीला क्लब म्हणतात, आम्ही काठीच म्हणतो. उन्हानं, घामानं ती ग्रिप वर्षभरात टणक होती, गुळगुळीत होती, मग काठी हातातून सटकती. ती जुनी काढायची आन नवी घालायची, एवढंच काम. ऐकायला एवढंच हाय. पण नवी ग्रिप घालताना अंगठ्याचा जोर लागतो, एका दमात सरकवायची असती, मधी थांबलं की ती तिथंच धरती, मग ना पुढं जात ना मागं येत.

आन आमच्या मालकाचा उजवा अंगठा गेला. म्हणजे तुटला न्हाई, ग्राइंडरवर घासला गेला, टाके पडले, बरा झाला, पण वाकायचा न्हाई आन त्याच्यात जोर राहिला न्हाई. उस्तादाला सांगितलं असतं तर परत गवतात पाठवलं असतं. मग ह्यांनी काय केलं, अंगठ्याला फडकं बांधून दिवसभर तिथं नुस्तं जुन्या ग्रिपा काढायचं, टोकं साफ करायचं असलं काम केलं आन संध्याकाळी काही काठ्या पोत्यात घालून खोलीवर आणल्या. उस्तादाला सांगितलं, घरी निवांत करतो. मला म्हणाले, कमल, हे जरा दाबून सरकव की. मी सरकवली. भाकऱ्या थापून थापून माझ्या हाताला जोर होता. पहिलीच सरळ बसली. त्यांनी ती फिरवून बघितली आन म्हणाले, कुणाला बोलू नको.

तिथनं पुढं सगळ्या काठ्या मी केल्या. सगळ्या. हैदराबादमध्ये पण आन पुढं लातूरला पण. काय सांगू तुम्हाला, आमच्या खोलीत वाइस नव्हतं, काठी आवळून धरायचं ते वाइस असतं ना, ते नव्हतं, मग मी माझ्याच पद्धतीनं करायची. जुनी ग्रिप सुरीनं कापतात सगळे, मी विळीवर कापायची. विळीच्या पाटावर पाय ठेवून बसायचं, काठी दोन्ही हातांनी धरायची, ग्रिप पात्यावर नुस्ती टेकवायची आन पुढं सरकवत न्यायची. पातं जागचं हलत न्हाई, त्यामुळं हाताला लागायची भीती न्हाई. जोर द्यायचा न्हाई, फक्त रबर उघडायचं. आतली नळी लोखंडाची असली तर चालून जातं, काळी, ग्रॅफाइटची नळी असली तर जपायचं, तिला ओरखडा पडला की ती कधी तरी खेळतानाच मोडती. मग कातडी सोलावी तशी ग्रिप सोलून काढायची, खालचा चिकट कागद उन्हात तापवून नखानं खरवडायचा, पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचं. त्याच्यावर नवी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळायची, टोकाला थोडी जास्त सोडून आत दुमडायची. ग्रिपमध्ये जरासं पेट्रोल घालायचं, टोकाचं छिद्र बोटानं दाबून हलवायचं, ते टेपवर ओतायचं, आन सरकवायची. पेट्रोल ओलं हाय तवर सरकती, वाळलं की धरती. सरळ बसली का ते लगेच बघायचं, मग उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई. हे सगळं अंगणात, उघड्यावर, चुलीपासून लांब. शेजारचा माणूस बिडी ओढत आला की मी हाकलायची.

तर दीर. मालकाचा धाकटा भाऊ, मी भावजी म्हणते. लातूरला त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान हाय, बॅट, बॉल, कॅरम, शाळांच्या ड्रेसचं काम पण घेतो. लातूरच्या बाहेर एका बड्या माणसानं माळावर गोल्फचं मैदान काढलं. लोक हसले, प्यायला पाणी टँकरनं येतंय आन ह्यांना हिरवळ पाहिजे. पण ते चाललं. डॉक्टर, क्लासवाले, गुत्तेदार, रविवारी नांदेडहून पण गाड्या येतात. तेव्हा भावजीनं फोन केला, दादा, तू तिकडं दुसऱ्याचं करण्यापेक्षा हिकडं ये, माझ्या दुकानात काउंटर टाकू, जवळपास दुसरं कुणी न्हाई. खरंच कुणी न्हाई. ग्रिप बदलायची तर पुण्याला न्हाई तर हैदराबादला पाठवावी लागायची.

आम्ही आलो. काउंटरवर मालक बसायचे, काठ्या घ्यायचे, बोलायचे, आन पोत्यात घालून घरी. कितीदा तर भावजी सोता स्कूटरवर पोतं घेऊन यायचे. यायचे, ओट्यावर बसायचे, मी चहा द्यायची आन विळीवर बसायची, ते चहा पीत बघत बसायचे. विचारायचे पण, वहिनी, टेप टोकाला दुमडता कामून? मी सांगायची, टोकानं पाणी आत जाऊ नये म्हणून. वहिनी, हे तुम्ही किती झपाट्यानं करायलात. मी हसायची. म्हणजे बघा, त्यानं जे शिकलं ते माझ्याकडं बघून शिकलं. हे ध्यानात ठेवा.

मालक गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्याच्यावर मी जास्त बोलत न्हाई.

तेराव्याला सगळे पाहुणे बसले होते. धर्माबादचे चुलतसासरे, थोरले, त्यांनी विषय काढला की आता कमलचं कसं. म्हणाले, काउंटर हाय, तिला बसू द्या तिथं, पोरगी नांदेडला दिलेली हाय, एकटी बाई, तिचं भागंल. चांगलं बोलले. आन भावजी काय म्हणाले? म्हणाले, काका, वहिनीला त्यातलं काय येतंय, वहिनी नुस्तं डबा घेऊन यायच्या दुकानावर. काम सगळं दादाचं होतं, आता मी बघतो, आन वहिनीला पण मीच बघीन, तुम्ही फिकीर करू नका.

मी म्हणलं, सगळ्या काठ्या मी केल्यात. भर बैठकीत म्हणलं. तर ह्यांची एक मावळण, म्हणजे आत्या, माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली, दुःखात बोलायली, म्हणाली, पाणी द्या तिला. मला पाणी दिलं. मी भावजीकडं बघितलं, ते मांडवाच्या बांबूकडं बघत होते. बायका आपसात म्हणायल्या, दीर लई चांगला हाय बाई, नशीब तुझं.

ते नशीब मी त्या दिवशी ऐकून घेतलं. काउंटर मला नको होता, खरं सांगते. माणसाला वाटतं हिला दुकान पाहिजे होतं. मला एवढंच पाहिजे होतं की ज्या तोंडानं डबा म्हणलं त्याच तोंडानं, चार लोकांसमोर म्हणायचं, हे काम वहिनीचं होतं. घरी जाऊन मी त्याला तसं सांगितलं पण. तो म्हणाला, वहिनी, आता दादा गेला, गिऱ्हाइकाला काय सांगू, इतके दिवस बाईमाणूस करत होती? दादाची इज्जत काय राहील? मी म्हणलं, दादाची मी बघते, तू तुझी सांभाळ. पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं.

मग तो सोता काम करायला लागला. बरं करायचा. खोटं कामून बोलू, माझ्याकडं बघून शिकला होता, वाईट कसं करील. काम वाईट असतं तर मला काही करायची गरजच पडली न्हसती, गिऱ्हाईक आपलं आपणच गेलं असतं. काम बरं होतं म्हणून तर मला मागं लागावं लागलं.

मी मैदानाच्या कँटीनमध्ये कामाला लागले. भावजीला वाटलं वहिनी पोटासाठी गेली. पोटासाठी मला जागा पुष्कळ होत्या. मी तिथं गेले कारण काठ्या तिथं येतात.

थोडे दिवस नुस्त्या भाकऱ्या केल्या, पिठलं, ठेचा, ह्या लोकांना ते लई आवडतं. काठ्या भिंतीला टेकवून जेवायला बसतात. एक डॉक्टरीणबाई हायेत, दातांच्या, रविवारी नवऱ्याला घरी ठेवून खेळायला येतात. त्या वैतागल्या होत्या, हात दाखवायल्या, बघा कमलताई, फोड आला, ग्रिप घसरायली, दुकानात दिली तर म्हणतो पुढल्या आठवड्यात मिळंल, गर्दी हाय. मी हात पुसले. म्हणलं, बाई, नवी ग्रिप हाय का? आहे की, गाडीत, मोबाइलवरून मागवली. म्हणलं, मग आणा, तुमच्याच हातानं घाला.

त्या हसल्या. मला कुठं येतं? मी म्हणलं, लोकांचे दात काढता, हे तर रबर हाय.

कँटीनच्या मागं कट्टा हाय. तिथं विळी ठेवली, त्यांना बसवलं. जीन्स घालून विळीवर बसायला त्यांना जरा त्रास झाला, पण बसल्या. मी हात लावला न्हाई. एकदा पण न्हाई, नुस्तं तोंडानं सांगितलं. आता टेकवा, आता सरकवा, जोर नका देऊ, सोला आता. पेट्रोल त्यांच्या गाडीतनं नळीनं काढलं. सरकवताना त्या मधी थांबल्या, मी ओरडले, थांबू नका, ढकला, आन त्यांनी ढकलली आन बसली. बाई लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवायल्या. मला पाकीट काढून द्यायला लागल्या. मी म्हणलं, न्हाई. एक रुपाया घेणार न्हाई. त्यांना वाटलं कमलताईचं मन मोठं.

मन मोठं बिठं काही न्हाई. मी घेतले असते तर तो माझा धंदा झाला असता, अर्धे माझ्याकडं आले असते, अर्धे त्याच्याकडं राहिले असते, दोन काउंटर झाले असते. मला दोन करायचे नव्हते. मला त्याचा एक संपवायचा होता. जे फुकट मिळतं आन सोताला येतं, त्याच्यासाठी माणूस दुकानाची पायरी चढत न्हाई. भावजीनं म्हणलं ना मला काय येतंय, तर मी ठरवलं, जे मला येतंय ते सगळ्या लातूरला येऊ दे, मग बघू तुझ्या काउंटरवर काय ऱ्हातंय.

पुढल्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी दोघींना आणलं, त्याच्या पुढल्या रविवारी एक गुत्तेदार आला. रस्त्याची कामं घेतो तो, पोट असं पुढं. म्हणाला, ताई, मला खाली बसता येत न्हाई, तुम्हीच करून द्या की, देतो काय ते. मी म्हणलं, करून देत न्हाई, शिकवते. बसा. सगळे बघायलेत, त्याला लाज वाटली, बसला. पाय पाटावर, पोट मांडीवर, काठी पात्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुत्तेदार, आता भेंडी पण आणू का? तो म्हणाला, आणा, बायकोला फोटो पाठवा, तिचा विश्वास बसायचा न्हाई. फोटो काढले. ते फोटो त्यांच्या मोबाइलच्या ग्रुपवर गेले. मला काही करावं लागलं न्हाई, फोटोनंच माझं काम केलं, कुणी म्हणायचं मी विळीवर केली, कुणी म्हणायचं मी दोन केल्या, नांदेडवाले पण कट्ट्यावर यायला लागले. पोरासोरांसारखी त्यांना त्याची हौसच लागली. दुकानात काठी दिली म्हणून सांगायची त्यांनाच लाज वाटायला लागली, दुसरे चिडवायचे, काय राव, विळीवर बसता येत न्हाई का.

पोरीचा नांदेडहून फोन आला. आई, काकाचं गिऱ्हाईक तोडायलीस म्हणं, सोड की आता. मी म्हणलं, तुझ्या बापाचं तेरावं तुला आठवतंय का? ती गप्प बसली. मी म्हणलं, मग तू गप्पच बस.

मग तो आला. रविवारी, भर दुपारी, सगळे कट्ट्यावर असताना. पांढरा शर्ट घालून. मला बाजूला बोलवायला लागला, वहिनी, जरा हिकडं या. मी म्हणलं, इथंच बोला भावजी, ही सगळी आपलीच माणसं हायेत. तो हसला, लोकांकडं बघून नमस्कार केला. म्हणाला, वहिनी, घरातलं घरात मिटवू. तुम्ही उद्यापासून काउंटरवर बसा, दादाच्या खुर्चीवर. मी न्हाई म्हणलोय का कधी?

खरं सांगते, त्या क्षणाला मी तयार होते. तेवढं एक वाक्य बोलला असता तर मी विळी उचलून घरी गेले असते. मी म्हणलं, बसते. फक्त एवढ्या लोकांसमोर सांगा, इतकी वर्षं ह्या सगळ्यांच्या काठ्या कुणी केल्या.

डॉक्टरीणबाई बघायल्या. गुत्तेदार बघायला. भावजीनं खिशातनं रुमाल काढला, मान पुसली. म्हणाला, दादानं केल्या. दुसऱ्या कुणी?

मी म्हणलं, बरं. डबा खाऊन जा. आन वळून पुढच्या माणसाला म्हणलं, तुम्ही टेप गुंडाळा आता.

नंतर त्यानं मैदानाच्या मॅनेजरचे कान भरले की बाई कँटीनच्या गॅसजवळ पेट्रोल वापरती, एक दिवस भडका उडंल. मॅनेजरनं मला बोलावलं आन म्हणाला, कमलताई, उद्यापासून इथं पेट्रोल बंद. मी भांडले न्हाई, त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. भावजीला वाटलं असंल, झालं. पण हैदराबादच्या उस्तादानं एकदा मालकाला दाखवलं होतं आन मालकानं मला सांगितलं होतं, पेट्रोल नसलं तर हवेनं पण होतं.

मैदानाच्या फाटकाबाहेर पंक्चरचं दुकान हाय, बाबूमियाँचं, हवेची टाकी हाय त्याच्याकडं. मी काठी घेऊन गेले. त्यानं काठी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. म्हणाला, अम्मा, इसमें पंक्चर किधर है?

मी म्हणलं, तू हवा दे नुस्ती. टेप साधी कागदाची लावायची, एक थर. ग्रिप टोकाला थोडी चढवायची, ग्रिपच्या बुडाला बारीक छिद्र असतं, त्याला हवेची नळी दाबून धरायची, खालून मूठ आवळायची. हवा आत गेली की रबर फुगतं, हवेवर तरंगतं, तेवढ्यात सर्रकन सरकवायची. हवा सोडली की गच्च धरती. वाळायची पण वाट बघायला नको, लगेच खेळा. बाबूमियाँनं दोनदा बघितलं आन मलाच बाजूला सारलं, हटो अम्मा, मैं करता.

मी म्हणलं, तू न्हाई, ते करतील, तू फक्त टाकी चालू ठेव.

मग काय बघता, मोठमोठ्या गाड्या पंक्चरच्या दुकानासमोर. चाकं चांगली, आन गाडीवाले खाली उतरून रांगेत, हातात काठ्या. ट्रकवाले थांबून विचारायचे, काय आलंय इथं. पेट्रोलपेक्षा हे सोपं निघालं, ज्यांना वासाचा त्रास व्हायचा ते पण आले. भावजीनं मला थांबवायला जे केलं त्यानंच त्याची उरलेली गिऱ्हाइकं पण सुटली. एका क्लासवाल्यानं तर घरी हवेचा पंपच घेतला.

दिवाळीच्या आधी जाऊ आली घरी. सुनीता. फराळाचा डबा घेऊन आली आन दारातच रडायला लागली. ताई, काउंटरवर आता माशी पण बसत न्हाई, हे रात्री जेवत न्हाईत, नुस्ते बसतात, तुम्ही मोठ्या हायेत, मन मोठं करा. मी तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. तिचं माझं काही वैर न्हाई. पण मी म्हणलं, सुनीता, तू त्या दिवशी तिथंच बसली होतीस, स्कूटरवरनं पोतं कुणाच्या घरी यायचं ते तुला माहीत होतं, तू बोललीस का? ती म्हणाली, मी कशी बोलणार, नवऱ्याच्या पुढं? मी म्हणलं, मग मी आता कशी थांबणार? चकल्या ठेवून घेतल्या. चांगल्या झाल्या होत्या.

मला वाईट वाटलं का म्हणून तुम्ही विचारताय. न्हाई. लोक म्हणतात सूड घेतला की आतून रिकामं वाटतं. मला जेवण चांगलं जायला लागलं.

दिवाळीनंतर त्यानं काउंटर काढला. तिथं आता शाळेच्या पिशव्या टांगल्यात. मी सोता जाऊन बघितलं, रस्त्याच्या पलीकडं उभं राहून. तरी माझं झालं नव्हतं, कारण तो अजून म्हणला नव्हता.

ते धर्माबादला झालं, चुलतसासऱ्यांच्या नातवाच्या लग्नात. मी गेले, मला आमंत्रण होतं. पंगतीत बसले होते, समोरच्या ओळीत तो. काका वाढणाऱ्यांवर देखरेख करत फिरायले होते. कुणीतरी सहज त्याला विचारलं, काय मग, गोल्फचं कसं चाललंय? आन तो उठला. भात तसाच टाकून उठला, हात उष्टा, माझ्याकडं बोट केलं. हिला विचारा म्हणाला, हिला! हिनं खाल्लं माझं दुकान. सगळ्या काठ्या हीच करायची, पहिल्यापासनं हीच करायची, दादा नुस्ता पोत्यात घालून न्यायचा आन आणायचा, मी सोता स्कूटरवर नेऊन दिल्यात हिच्या घरी, मला हिनंच शिकवलं, आन आता अख्ख्या लातूरला शिकवून बसली, माझ्यासाठी काय ठेवलं?

मठ्ठा वाढणारा तसाच वाकून उभा. काका पुढं आले, कानामागं हात धरून म्हणाले, काय म्हणालास? परत म्हण.

त्यानं तोंड उघडलं, आन मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हात धुवायला गेला आन तिकडूनच बाहेर गेला. जाऊ पोरांना घेऊन मागं पळाली.

तेराव्याला जिनं माझ्या पाठीवर हात फिरवला होता ती मावळण माझ्या शेजारीच बसलेली. मला म्हणाली, खरंच का गं, तू करायचीस?

मी म्हणलं, हाव.

ती म्हणाली, मग तेव्हा का न्हाई बोललीस?

मी मठ्ठेवाल्याला म्हणलं, वाढ बाबा, थांबलास कामून. आन जेवले.

आता भावजी माझ्याशी बोलत न्हाई, मी पण बोलत न्हाई. बॅट-बॉलचं दुकान चालू हाय. मी कँटीनलाच हाय. बाबूमियाँच्या दुकानासमोर आता रांग नसती, बऱ्याच जणांनी घरी पंप घेतलेत. रविवारी मी कट्ट्यावर बसत न्हाई, कुणी काठी घेऊन येत न्हाई. परवा डॉक्टरीणबाई सगळ्या काठ्यांना नव्या ग्रिपा घालून आल्या, निळ्या. घरीच केल्या म्हणाल्या.